दारावरचं उत्तर

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्याच खुर्चीवर बसून लिहिते आहे. फोन केला तर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई मधेच सांगून टाकते, म्हणून पत्रच बरं. संस्थेत येऊन मला सहा आठवडे झाले. तुझ्या जागेवर बसणं म्हणजे मावशी असं करायच्या नि मावशी तसं करायच्या, हे दिवसभर ऐकून घेणं. मी निमूटपणे ऐकते. घरी असते तर एव्हाना भांडण झालं असतं.

तुझ्या वहीतली दहा घरं माझ्याकडे आली आहेत. दहाही घरांतलं एकेक माणूस आत. इकडची खबर तुरुंगात पोचवायची, तिकडची घरी आणायची आणि सुटकेचे कागद कुठे अडकले की हलवायचे. आपल्या शिंपीदादाचा कागद जूनमध्ये मंडळापुढे जातो आहे, लवकर सुटकेसाठी. गल्लीतल्या भांडणात त्याच्या हातातली कात्री चालली आणि शेजारचा तरुण गेला, त्याला आता बारा वर्षं झाली. वागणूक उत्तम. आतल्या शिवणखात्यात निम्म्या लोकांना त्यानेच टाका घालायला शिकवलं. मंडळ दोनच गोष्टी बघतं, राहायला घर आहे का आणि त्या घरात त्याची वाट बघणारं कुणी आहे का. त्याला दोन्ही आहेत. कागद इतका चांगला आहे की मलाच धास्ती वाटते.

आजींचं, म्हणजे त्याच्या आईचं, हृदय फार थकलंय. वर्ष काढलं तर पुष्कळ, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी आजींना काही बोलले नाही. पण परवा त्याच मला म्हणाल्या की जूनपर्यंत मी काही मरत नाही, तू आपली कागदाचं बघ.

अडचण वेगळीच आहे. सुटकेची कुणकुण गल्लीला लागली. गेलेल्या मुलाची माणसं चार दारं पलीकडेच राहतात. दोनदा कुणी अनोळखी माणूस आजींच्या दारात येऊन तो कधी येणार, कुठे झोपणार, असं विचारून गेला. आजी भोळ्या, त्यांनी खोलीसुद्धा दाखवली. तिसऱ्या दिवशी त्याच खोलीच्या खिडकीची काच फुटली. मी काय करू, लवकर कळव.

तुझ्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी आई शेजारी बसून तुझं जेवणखाण विचारते आहे, त्याचं उत्तर तिला वेगळं लिही, नाहीतर ती माझं डोकं खाते. माझे गुडघे मला खिडकीपाशी बसवून ठेवतात. तेव्हा उंटावरून शेळ्या हाकायला बोलावलंसच, तर हाकते.

तू अजून आजींना दारावरचं उत्तर शिकवलेलं नाहीस, हे वाचून मी कपाळावर हात मारला. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय ते. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या एका घरात एक माणूस आला, सरकारी कचेरीतून आलोय म्हणाला. बाईने त्याला पाणी दिलं, नवऱ्याच्या सुटकेची तारीख सांगितली. तो नवरा सुटला, पण घरापर्यंत पोचला नाही. कोपऱ्यावरच गाठला त्याला. तेव्हापासून मी प्रत्येक घराकडून एक उत्तर पाठ करून घेते. अनोळखी माणसाला, मला माहीत नाही, असं सांगायचं नाही. माहीत नाही म्हटलं की तो पुन्हा येतो. मला मुलगा नाही, असं सांगायचं. विषयच संपतो.

आजी ते सहज म्हणणार नाहीत. कुठलीच आई म्हणत नाही. तोंडात बसेपर्यंत तालीम घे. तू बाहेर जा, दार वाजव, सोंगं काढ. सरकारी माणसाचं सोंग सगळ्यांत जास्त वेळा काढ, कारण लबाड माणूस तेच काढतो. खरा चौकशी अधिकारी आधी लेखी तारीख कळवतो, त्या दिवशी तू स्वतः त्या घरात बस. एरवी कुणीही येवो, उत्तर एकच.

रागावले नाही हो. शिकशील. आशीर्वाद आहेतच, ते मागायला लागत नाहीत.

तुझी
मावशी


२३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तालीम झाली. तुझी भाची नाटकात गेली असती तर बरं झालं असतं, असं आजींचं मत पडलं.

मी आधी वर्तमानपत्रवाली झाले, मग दूरची नातेवाईक, मग माझ्या सामानात चुकून आलेला आईचा चष्मा लावून आणि बगलेत फाईल मारून सरकारी बाई. पहिल्या खेपेला आजींनी दार उघडून मला आत या म्हटलं. दुसऱ्या खेपेला, मला मु, एवढंच आलं आणि त्या रडायला लागल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी मलाच विचारलं की असं अभद्र बोललेलं त्याला लागलं तर? मी सांगितलं की त्याला कळणारच नाही, आणि कळलं तरी तो हसेल. चौथ्यांदा शब्द आले पण आवाज पळाला. मी तर हात टेकले होते. मग आजी पाणी प्यायल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या की जा बाहेर. पाचव्या खेपेला मी सरकारी आवाजात त्याचं नाव घेतलं, तर त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं की असं कुणी इथे राहत नाही, मला मुलगा नाही, आणि दार लावून घेतलं. मी बाहेरून टाळ्या वाजवल्या.

नंतर चहा घेताना त्या फार खुशीत होत्या. लेकाला घरी आणायला एवढं जमलं, असं दोनदा म्हणाल्या. मावशी, मला पहिल्यांदाच वाटलं की मी या कामाला लायक आहे.

आईला सांग, जेवते. तुझा लोभ असला की मी सोंगंसुद्धा नीट काढते.

तुझी
भिंगरी


३० एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दोनच ओळी. चौकशीची तारीख आली का? मे उजाडतो आहे. माझ्या वेळी एव्हाना पत्र यायचं. नसेल आलं तर कचेरीत जाऊन बस, तिथे लाजून चालत नाही. तुझं तालमीचं पत्र मी तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. ती रडली आणि मग चष्मा परत पाठव म्हणाली.

आजींना माझा नमस्कार सांग. तुझ्यावर लोभ होताच, आता थोडा अभिमानही आहे.

तुझी
मावशी


१६ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शिंपीदादाचा अर्ज नामंजूर झाला. पत्त्याच्या चौकशीत काही गफलत झाली असं दिसतं. एका वर्षाने पुन्हा अर्ज करता येईल. मी वर दाद मागते आहे. बाकी ठीक. काम पुष्कळ असल्याने सविस्तर लिहीत नाही.

लोभ असावा.

भिंगरी


२१ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात एकही थट्टा नाही, आईची चौकशी नाही, सहीवरचं तुझी गेलंय. पत्त्याची गफलत कशी होईल? तीस वर्षं ते घर तिथेच आहे. तू काहीतरी लपवते आहेस. चौकशीचा अहवाल तुझ्याकडे आला असणार. त्यात काय लिहिलंय ते जसंच्या तसं मला कळव. कुणाचं चुकलं असेल तर चुकलं. आपल्या कामात झाकलेली चूक दुप्पट महाग पडते, हे मी तुला सांगायला नको.

आणि जेव. मी वाट बघते आहे.

तुझी
मावशी


२७ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू मागितलंस म्हणून लिहिते. अहवाल असा आहे: दिलेल्या पत्त्यावर समक्ष गेलो. घरातील वृद्ध स्त्रीने अशी कोणी व्यक्ती येथे राहत नसल्याचे व आपणास मुलगा नसल्याचे स्पष्टपणे सांगितले व दार बंद केले. पत्ता व आधार दोन्ही खोटे.

तुझं एप्रिलचं पत्र पोचायच्या सुमारासच अधिकारी न कळवता येऊन गेला होता. जानेवारीपासून ते कळवत नाहीत, अचानकच जातात. तसं पत्रक संस्थेत आलं होतं. मी रुजू झाले त्या आठवड्यात ते माझ्याच टेबलावर आलं आणि मीच न वाचता फाईलला लावलं. त्यावर माझी सही आहे. तुला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. मी ते तुझ्यापासून लपवलं, कारण उत्तर तुझ्या वहीतलं होतं आणि तुझे गुडघे, तुझं वय, हे सगळं मनात आलं. पण मला स्वतःलाही वाचवायचं होतं, हे खरं आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी आजींकडे गेले, तर त्या हसत दारात उभ्या. एक फाईलवाला आला होता आणि मी त्याला अडखळल्याशिवाय वाटेला लावलं, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. मीही शाबासकी दिली. दोघींनी चहा घेतला. तो कोण होता ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं.

पण सगळ्यांत वाईट ते पुढेच आहे. तो अहवाल शिंपीदादाला मंडळापुढे मोठ्याने वाचून दाखवला. त्याने पुन्हा वाचा म्हणून सांगितलं, त्यांनी पुन्हा वाचला. त्याने सही केली. तेव्हापासून तो कुणालाच भेटत नाही. मी गेले, आला नाही. पत्र पाठवलं, न फोडता परत आलं. पहाऱ्यावरच्या माणसाला गळ घातली की एवढं एकच वाक्य सांगा, ती तालीम होती म्हणून. तो म्हणाला की घरचं काही सांगायला लागलं की तो कानांवर हात ठेवून उठून जातो.

आजींना मला सांगावंच लागलं. त्या ओरडल्या नाहीत, मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता त्या दर पंधरवड्याला भेटीला जातात. हात दाखवून अवलक्षण केलं मी, आणि हेलपाटे त्यांना. दोन गाड्या बदलून जायचं, चिठ्ठी आत पाठवायची, तो येत नाही म्हणून उत्तर यायचं, आणि वेळ संपेपर्यंत बाकावर बसून परत यायचं.

घरी असल्या की दार सताड उघडं टाकून बसतात. मीटर बघायला माणूस आला, त्याला सांगितलं की मला मुलगा आहे. टपालवाल्याला सांगितलं. चार दारांपलीकडच्या त्या माणसांनाही जाऊन सांगितलं. ती माणसं आत निघून गेली म्हणे.

मावशी, मी काय केलं हे? लोभ मागायची लाज वाटते.

भिंगरी


४ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. मग तुझ्या आईकडून पुन्हा वाचून घेतलं, मला वाटलं मीच काही चुकीचं वाचते आहे.

हे माझं आहे. सही तुझी असेल, पण ते वाक्य मी तुझ्या हातात दिलं, आणि तू विचारलंस तेव्हा आधी कचेरीत विचार असं म्हणण्याऐवजी छाती पुढे काढून मी तीस वर्षांचा अनुभव सांगितला. नोकरी सोडून दीड वर्ष झालं तरी मला वाटत होतं की जग माझ्या वहीप्रमाणे चालतं. करायला गेले काय आणि झालं काय, असं म्हणून हे सुटण्यासारखं नाही.

रडून झालं असेल तर काम कर. अधिकाऱ्याला समक्ष भेट. काय घडलं ते लेखी दे, माझं नाव घालून. फेरचौकशी माग. आजींच्या डॉक्टरांचं पत्र जोड, म्हणजे तारीख लवकर मिळेल. मी शिंपीदादाला वेगळं पत्र पाठवते, माझं अक्षर तो ओळखतो.

तुझ्यावरचा लोभ मागायचा नसतो, तो आहे.

तुझी
मावशी


२ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आजी गेल्या. सोमवारी दुपारी, दारातल्या खुर्चीत. मी सकाळीच जाऊन आले होते. फेरचौकशी याच महिन्याच्या नऊ तारखेला होती. डॉक्टरांचं पत्र जोडूनही नऊ तारीखच मिळाली.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी एक नवीन खूळ घेतलं होतं. मी आले की मला पुन्हा बाहेर जायला लावायच्या आणि दार वाजवायला सांगायच्या. मी वाजवायचे. मग त्या बसल्या जागेवरून सांगायच्या की हो, इथेच राहतो, माझा मुलगा आहे, या. रोज तीन-चार वेळा. मी करत होते, कारण दुसरं त्यांच्यासाठी मला काहीच करता येत नव्हतं. तो मात्र सातही भेटींना बाहेर आला नाही. तुझं पत्रसुद्धा न फोडता परत आलं, ते सोबत पाठवते.

अंत्यविधीला त्याला पहाऱ्यात चार तास सोडायला तुरुंगवाले तयार होते. मी स्वतः परवानगी काढली. आतून निरोप आला की त्या बाईला मुलगा नव्हता. मावशी, खांदा द्यायला मीटरवाला आला होता.

मी राजीनामा दिला आहे. घरी येत नाही, आईला आणि तुला तोंड दाखवायची हिंमत नाही. मैत्रिणीकडे चालले आहे, पत्ता पाकिटावर लिहिला आहे. माणसं वाईट होती म्हणून असं झालं असतं तर मला सोसलं असतं. इथे सगळ्यांना त्याचं भलंच हवं होतं. मी आता कुणाच्या भल्याच्या वाटेला जाणार नाही.

एवढं सगळं वाचूनही लोभ उरला, तर असू दे.

भिंगरी


१९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू राजीनामा दिलास, म्हणून काठी घेऊन मी इथे संस्थेच्या गावी आले. तुझी आई नको नको म्हणत होती. तुझ्याच खोलीत उतरले आहे, तुझी चादर धुऊन ठेवली. काल तुरुंगात जाऊन आले. चिठ्ठीवर फक्त मावशी एवढंच लिहून दिलं. मला वाटलं नव्हतं, पण तो आला.

तुला सगळं सांगायचं वचन मी स्वतःला दिलंय, म्हणून मन घट्ट करून लिहिते.

तो शांत होता. केस पिकलेत. माझे गुडघे कसे आहेत, असं विचारलं त्याने. मी काही बोलायच्या आत तोच बोलायला लागला. म्हणाला की अहवाल वाचला त्या दिवशी तो जेवला नाही. मग हळूहळू त्याला बरं वाटायला लागलं. आईला जन्मात कधी कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. बारा वर्षं ती माझ्यासाठी गल्लीतल्या शिव्या खाते आहे, काचा गोळा करते आहे. शेवटी तिने दार लावलं, सुटली एकदाची, असं त्याला वाटलं. आपण भेटलो तर ती पुन्हा विरघळेल, म्हणून तो भेटीला आला नाही, म्हणून पत्रं फोडली नाहीत. अंत्यविधीला गेलो असतो तर गल्ली म्हणाली असती, शेवटी निघालाच हिचा मुलगा. निदान तिचं जाणं तरी माझ्या नावाशिवाय होऊ दे, असं त्याने ठरवलं. तो निरोप रागाचा नव्हता गं. शिवणखात्यात त्याने या चार महिन्यांत पूर्वी कधी केलं नव्हतं एवढं काम केलं. गेली बारा वर्षं लागली नव्हती तशी झोप लागते, असं म्हणाला.

भिंगरी, तिथे मी गप्प बसू शकत होते. नमस्कार करून उठले असते तर त्याची झोप त्याच्याकडे राहिली असती. पण मी कबुली द्यायला आले होते, रात्रंदिवस ते ओझं घेऊन बसले होते, आणि मला ते उतरवायचं होतं. मी सांगितलं. तालीम, चष्मा, फाईल, पाच खेपा, सगळं. उघडं दार सांगितलं. सात भेटी सांगितल्या. खरं सांगणं चांगलं असतं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, पण काल ते मी माझ्यासाठी केलं, त्याच्यासाठी नाही. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

मग त्याने एवढंच विचारलं की ती इथे येऊन बसली होती, तेव्हा मी आत शिवणखात्यातच होतो, मधे किती भिंती आहेत? पहारेकऱ्याला वाटलं आपल्यालाच विचारतोय, म्हणून त्यानेच उत्तर दिलं. दोन, म्हणाला.

मग तो उठला, मला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा येऊ नका म्हणाला. आज सकाळी मी चौकशी केली. तो कामाला उतरलेला नाही.

परत ये असं मी म्हणत नाही आणि येऊ नकोस असंही म्हणत नाही. मला आता कुणालाच काही सांगता येत नाही. तू मात्र मला पत्र लिही, शिव्या असल्या तरी चालतील. आपल्या दोघींतला लोभ तेवढा कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
मावशी